बंद हॉलमधलं विमान: पंखांवर कागद लावावा की फिल्म?

रबराच्या पिळावर उडणारं सहा-सात ग्रॅमचं विमान बनवायला घेतलं की नवशिक्याचं सगळं लक्ष सांगाड्यावर आणि प्रोपेलरवर असतं. पंखांवर काय लावायचं हा विचार शेवटी येतो आणि मग घरात जे हाताशी असेल ते चिकटवलं जातं: वहीचं पान, वर्तमानपत्र, नाहीतर भेटवस्तूचा चकचकीत कागद. विमान हातातून सुटतं, दोन-तीन मीटर जातं आणि फरशीवर बसतं. मग रबर बदलून बघतात, प्रोपेलर बदलून बघतात, आणि तेवढ्यात मुलाचा उत्साह ओसरतो. बहुतेक वेळा दोष कव्हरिंगचा असतो आणि तो अगदी थोड्या पैशांत टाळता येतो.

नागपूरच्या वाचकांसाठी हे मुद्दाम वेगळं लिहावंसं वाटलं, कारण कव्हरिंगबद्दलची बरीचशी माहिती इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांतून आपल्याकडे आलेली आहे. तिथली हवा वेगळी, तिथली दुकानं वेगळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, दुपारची आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि दोनच महिन्यांत, जुलै-ऑगस्टमध्ये, हवेतली आर्द्रता बऱ्याचदा 80 टक्क्यांच्या वर असते. एवढा फरक ज्या शहरात पडतो तिथे कव्हरिंग निवडताना आधी वजन बघावं आणि लगोलग महिना बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग, चकाकी, किंमत हे सगळं त्यानंतर.

आधी तराजू

कागदाचं वजन चौरस मीटरला इतके ग्रॅम अशा मापात सांगतात. कागदाचे व्यापारी त्याला नुसतं जीएसएम म्हणतात. हा एक आकडा समजला की निवडीचं अर्धं काम झालं.

नवशिक्याचं एक साधं विमान धरू. मुख्य पंख 40 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 360 चौरस सेंटिमीटर. शेपटीचा आडवा पंख आणि उभा पंख धरून एकूण क्षेत्रफळ साधारण 500 चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे चौरस मीटरचा विसावा भाग. हलक्या विमानांत पंखांच्या फक्त वरच्या बाजूला कव्हरिंग लावतात, खालची बाजू उघडी राहते. म्हणून हिशेब अगदी सोपा: जीएसएमला 20 नं भागा, कव्हरिंगचं वजन ग्रॅममध्ये मिळतं.

आता हाच हिशेब वेगवेगळ्या मालाला लावून बघा. झेरॉक्सचा नेहमीचा कागद 75 जीएसएमचा, म्हणजे पावणेचार ग्रॅम. वर्तमानपत्राचा कागद 45 च्या आसपास, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. 20 जीएसएमचा पातळ पतंगी कागद असेल तर एक ग्रॅम. परदेशी मॉडेलवाले वापरतात तो जपानी टिश्यू 12-13 जीएसएमचा, म्हणजे साठ-पासष्ट शतांश ग्रॅम. दहा मायक्रॉनची पातळ पॉलिथिन फिल्म अर्ध्या ग्रॅमच्याही किंचित खाली. दोन मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म, जिला सगळे मायलर म्हणतात, ती लावली तर फक्त चौदा शतांश ग्रॅम.

सांगाडा, प्लॅस्टिकचा प्रोपेलर आणि रबर मिळून सहा ग्रॅम धरले तर पतंगी कागदाचं विमान सात ग्रॅमचं होतं आणि झेरॉक्स कागदाचं पावणेदहाचं. विमान तेच असेल तर हवेत टिकून राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सातच्या जागी पावणेदहा ग्रॅम झाले की शक्ती दीडपटीहून जास्त लागते. रबरात साठवलेली ऊर्जा तेवढीच असते, ती भराभर संपते. शिवाय जड विमानाला हवेत राहायला वेगही जास्त लागतो, आणि बंद हॉलमध्ये वेग वाढला की भिंत लवकर येते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती नवशिक्यांना कुणी सांगत नाही. झेरॉक्स कागदावरून पतंगी कागदावर आलात तर पावणेतीन ग्रॅम वाचतात. तिथून पुढे महागड्या मायलरवर गेलात तर वाचतो एक ग्रॅमही नाही. सात ग्रॅमच्या विमानात त्यामुळे शक्तीची गरज जेमतेम अठरा टक्क्यांनी कमी होते. एवढ्यासाठी पहिल्याच विमानाला परदेशातून फिल्म मागवू नका. सांगाडा दीड-दोन ग्रॅमवर आणायला हात बसला की मग मायलरचा खर्च वसूल होतो.

शेपटीचा हिशेब मात्र वेगळा ठेवा. विमानाचा तोल जिथे सांभाळला जातो त्या जागेपासून शेपूट लांब असते आणि नाक जवळ. शेपटीवर दहावा हिस्सा ग्रॅम वाढला की नाकावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन लावावं लागतं, आणि ते सगळं वजन पुन्हा पंखांनाच उचलावं लागतं. हाताशी दोन प्रकारचे कागद असतील तर त्यातला हलका शेपटीला द्यावा.

दुकानात जीएसएम छापलेला नसतो, म्हणून वजन स्वतःच करायची सवय लावून घ्या. एक शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा आता ऑनलाइन सहज मिळतो. तो नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा. इतवारीच्या सराफ्यात ज्या काट्यावर सोन्याची नथ तोलतात त्यावर कागदाचा ताव तोलायला दोन मिनिटं लागतात. अख्खा ताव सैलसर घडी करून काट्यावर ठेवा, कडा टेबलाला किंवा काचेच्या झाकणाला टेकू देऊ नका, पंखा बंद करा. समजा ताव 50 बाय 75 सेंटिमीटरचा आहे आणि वजन साडेसात ग्रॅम भरलं. क्षेत्रफळ 0.375 चौरस मीटर, साडेसातला त्यानं भागलं की 20 जीएसएम. छोटा तुकडा तोलू नका, काट्याची चूक त्यात फार मोठी होऊन दिसते. एकाच दुकानातल्या एकाच गठ्ठ्यातले लाल आणि पांढरे ताव वेगळ्या वजनाचे निघू शकतात, तेव्हा रंग बदलला की पुन्हा तोला आणि तावाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवा.

पतंगवाल्याच्या दुकानात

नागपूरच्या नवशिक्यानं सुरुवात पतंगी कागदापासूनच करावी. संक्रांतीच्या आधी जुनी शुक्रवारी आणि इतवारीकडच्या पतंगवाल्यांकडे गेलात तर तयार पतंगांसोबत सुटे तावही मागता येतात. हल्ली बरेच पतंग प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे "कागदी ताव द्या" असं स्पष्ट सांगावं लागतं. चुरगळलेला, घडीवर फाटलेला ताव घेऊ नका. ताव सपाट किंवा गुंडाळी करून आणा.

ताव हातात आल्यावर दोन परीक्षा करा. पहिली, कोपऱ्यातून छोटी पट्टी उभी फाडा आणि एक आडवी. एका दिशेनं कागद सरळ रेषेत फाटतो, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा. सरळ फाटतो ती कागदाच्या तंतूंची दिशा. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो आणि वाळताना त्याच दिशेनं जास्त आकसतो. म्हणून तंतूंची दिशा पंखाच्या लांबीला धरून ठेवावी, म्हणजे पंखाची लांबी कमानीसारखी वाकत नाही. दुसरी परीक्षा फुंकरीची. कागद तोंडासमोर धरून हलकी फुंकर मारा आणि पलीकडे ओला हात धरा. हाताला गार वारा लागला तर कागद फार सच्छिद्र आहे. चेहरा पुसायचा टिश्यू याच कारणासाठी निरुपयोगी, शिवाय तो ओला होताच विरतो.

नव्या बुटांच्या खोक्यात जो पातळ पांढरा कागद येतो तोही चांगला चालतो. तो फुकटचा असतो, वजन पतंगी कागदाच्या आसपासचं असतं, आणि सरावासाठी वाया गेला तरी हळहळ वाटत नाही. मिठाईच्या डब्यातला बटर पेपर दिसायला पातळ पण तोलल्यावर जड निघतो. घोटीव कागद, क्रेप कागद आणि सजावटीचा रंगीत जिलेटिन कागद या तिन्हींना या कामात जागा नाही.

सांगाड्याबद्दल एक शब्द. बाल्साचं लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं आणि आपल्याकडे छंदसाहित्याच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मिळतं. ते मिळेपर्यंत बांबूच्या बारीक कामट्यांवर सराव करता येतो. चांगला बुरड बांबूची काडी इतकी बारीक सोलून देतो की तिचा पंखाच्या कडेसाठी उपयोग होतो. बांबू बाल्सापेक्षा कितीतरी पटीनं जड असल्यानं काडी तेवढीच बारीक हवी, हे मात्र त्याला समजावून सांगावं लागतं.

अगदी पहिलंच विमान असेल तर फ्रँक एलिंग या अमेरिकी मॉडेलकारानं मुलांसाठी तयार केलेला डेल्टा डार्ट हा नमुना बघावा. त्यात विमानाचा आराखडा टिश्यूवरच छापलेला असतो आणि काड्या थेट त्या कागदावर चिकटवतात. गोंद वाळल्यावर कागद कडेनं कापला की पंख तयार. आपल्याकडे हेच काम पतंगी कागदावर पेन्सिलीनं आराखडा काढून होतं. शाळेत पंचवीस मुलांना एकदम शिकवायचं असेल तर याच्याइतकी सोपी रीत मला दुसरी माहीत नाही.

कागद लावायची रीत

कागद आधी आकसून घ्यायचा आणि मग पंखावर लावायचा, हा हलक्या विमानांचा नियम. बाहेर मैदानात उडणाऱ्या जाडजूड विमानांत कागद आधी लावतात, मग त्यावर पाणी फवारून आणि डोपचे, म्हणजे कागद ताणणाऱ्या लॅकरचे, हात देऊन तो ढोलकीच्या पुडीसारखा ताणतात. आपल्या दीड-दोन मिलिमीटरच्या काड्यांना तो ताण सोसत नाही. पंखाचं टोक पिळलं जातं आणि विमान एका बाजूला गोल गोल पडत राहतं. डोपचं वजनही फुकट वाढतं. नवशिक्यानं डोपच्या वाटेला जाऊच नये.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक चौकटीसारखा तुकडा कापा, आतली मोकळी जागा पंखापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठी हवी. कागद चौकटीवर सैलसर पसरून कडेनं चिकटवा. गुलाबपाण्याच्या किंवा कपड्यांना इस्त्री करताना वापरतो तसल्या बाटलीतून अगदी बारीक फवारा द्या, थेंब जमू देऊ नका. कागद आधी लोंबतो, सुरकुततो, आणि वाळताना हळूहळू सपाट होत जातो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे पाचदहा मिनिटांत होतं. रंगीत पतंगी कागदाचा रंग पाण्यानं सुटतो, तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र ठेवा आणि शाळेचा पांढरा सदरा अंगात ठेवून हे काम करू नका.

चिकटवायला गोंदाची कांडी सगळ्यात सोयीची. ती कागदावर न फिरवता सांगाड्याच्या काड्यांवर फिरवा: पुढची कड, मागची कड, दोन्ही टोकं. मधल्या रिबांना, म्हणजे पुढची-मागची कड जोडणाऱ्या कमानदार काड्यांना, गोंद लावायची गरज नसते, वरच्या बाजूच्या कमानीवर कागद आपोआप टेकतो. फेविकॉल वापरायचा तर त्यात तेवढंच पाणी मिसळून बारीक ब्रशनं काडीवर पातळ रेघ ओढा. झटपट चिकटणारा गोंद कागदात झिरपतो, तिथे कागद कडक होऊन पुढे नेमका तिथेच फाटतो. तो सांगाड्याच्या सांध्यांपुरता ठेवावा.

आता पंखाचा सांगाडा पालथा करून कागदावर ठेवा, मध्यापासून टोकांकडे बोटाच्या पेरानं हलकेच दाबत जा. कागद ओढून ताणायचा नाही. सुरकुती दिसली तर ती राहू द्या. सैल कागदाचा पंख चांगला उडतो, पिळलेला पंख उडत नाही. गोंद वाळला की नव्या कोऱ्या ब्लेडनं कडेनं कापा. ब्लेड बोथट झालं की कागद कापला न जाता फाटतो, म्हणून एका पंखाला एक नवं ब्लेड हा हिशेब ठेवा. ब्लेडचं काम लहान मुलांना एकट्यानं करू देऊ नये.

पंख तयार झाला की डोळ्यासमोर आडवा धरून मागून बघा. दोन्ही टोकं एका पातळीत दिसायला हवीत. एखादं टोक पिळलेलं असेल तर चहाच्या वाफेवर क्षणभर धरून हातानं उलट दिशेला वळवा आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. कागदाच्या पंखाची ही मोठी सोय आहे. फिल्मच्या पंखात अशी दुरुस्ती करायला फक्त काड्याच उरतात.

पौष, वैशाख आणि श्रावण

कागद हवेतली वाफ शोषतो आणि फुगतो, कोरड्या हवेत ती सोडून आकसतो. यावरून नागपूरसाठी एक कामाचा नियम निघतो: कागदाचं कव्हरिंग कोरड्या दिवसांत करावं. जानेवारीत लावलेला कागद श्रावणात थोडा लोंबतो. पंखाचा आकार बिघडतो, विमान कमी उडतं, पण मोडत नाही, आणि दिवाळीनंतर कागद पुन्हा जागेवर येतो. उलट जुलैत, कागद ओलसर असताना लावलेलं कव्हरिंग ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं आणि सांगाड्याला पीळ घालतं. पावसाळ्यात बनवलेली आणि कपाटावर ठेवलेली विमानं दिवाळीच्या सुट्टीत वाकडी निघतात ती यामुळे.

उन्हाळ्यात हवा कोरडी असली तरी आपल्या घरात कूलर असतो. कूलरची हवा ओली असते आणि झोताची असते. दुपारभर कूलर चालू असलेल्या खोलीत कागदाचं विमान ठेवलं की संध्याकाळी पंख लोंबलेले दिसतात. कूलर बंद करून उडवावं तर खोलीत बसवत नाही. म्हणून वैशाखात विमानं बनवावीत, कूलर नसलेल्या खोलीत ठेवावीत, आणि उडवायची घाई करू नये. गच्चीवरच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका, रबर तिथे लवकर खराब होतं.

उडवायचा खरा मोसम पौषाचा. हवा कोरडी आणि शांत, पंखा-कूलर दोन्ही बंद, बाजारात पतंगी कागदाचे ताव आलेले. आणखी एक सोय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं बरेच दिवस रिकामी पडलेली असतात. ओळखीच्या कार्यालयवाल्याला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचे दोन तास मागितले तर तो सहसा नाही म्हणत नाही. छताला झुंबरं आणि पंखे किती खाली आहेत ते आधी जाऊन बघा. शाळेचं सभागृह, बॅडमिंटनचा हॉल हेही चालतात. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या इनडोअर स्टेडियमएवढं उंच छत मिळालं तर उत्तमच, पण तिथे रीतसर परवानगी आणि रिकामी वेळ दोन्ही जुळून यावं लागतं.

फिल्म कधी

पावसाळ्यात उडवायचं असेल तर फिल्मकडे वळा. पॉलिथिन आणि पॉलिएस्टर पाणी धरत नाहीत, त्यामुळे जुलै असो की जानेवारी, पंख तसाच राहतो. चातुर्मासातही कार्यालयं रिकामी असतात, तेव्हा हॉलचा प्रश्न त्या दिवसांतही सुटतो.

परदेशी पुस्तकांत नवशिक्यांना किराणा दुकानातली भाजी भरायची पातळ पिशवी वापरायला सांगतात. आपल्याकडे 2018 च्या मार्चपासून महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि देशभरातच 2022 च्या अखेरपासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरी बॅग चालत नाही. एवढ्या जाड पिशवीचं कव्हरिंग आपल्या विमानावर साडेपाच ग्रॅमहून जास्त भरेल, म्हणजे जवळजवळ अख्ख्या विमानाएवढं. तेव्हा पिशवीच्या मागे न लागता वस्तूंवर आलेलं आवरण जपून ठेवा. ड्रायक्लीनिंगहून आलेल्या कोटावरचं, नव्या सदऱ्यावरचं, इलेक्ट्रॉनिक वस्तूभोवती गुंडाळलेलं. चुरगळल्यावर कुरकुर आवाज करणारी कडकसर फिल्म घ्या. मऊ आणि रबरासारखी ताणली जाणारी फिल्म पंखावर लोंबते. स्वयंपाकघरातली चिकटणारी क्लिंग फिल्मही याच कारणानं बाद. निवडलेल्या फिल्मचा 50 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडा तोला, आलेल्या वजनाला चारनं गुणा, जीएसएम मिळाला. 15 च्या आत असेल तर कामाची.

एक फरक नीट समजून घ्या. कागद सांगाड्याला बळ देतो, पंखाला पिळण्यापासून रोखतो. फिल्म फक्त हवा अडवते, बळ देत नाही. कागदासाठी बनवलेल्या सांगाड्यावर फिल्म लावली तर पंख लुळा पडतो आणि वेग घेताच टोकं फडफडतात. फिल्म लावायची असेल तर दोन रिबांच्या मधे बारीक तिरप्या काड्या घाला.

लावण्याची रीत कागदासारखीच, पुठ्ठ्याच्या चौकटीवर फिल्म सैलसर पसरून. पातळ मायलर आधी हातानं हलकेच चुरगळून मग पसरवतात, म्हणजे तिचा ताण मोडतो आणि काड्या ओढल्या जात नाहीत. गोंदाची कांडी फिल्मवर टिकत नाही. फेविबॉण्डसारखा रबरी गोंद अगदी पातळ थरानं काडीवर लावावा लागतो. हे काम मोठ्या माणसानं, दारं-खिडक्या उघडून, गॅस आणि देवाच्या दिव्यापासून दूर करावं. कापायला ब्लेडपेक्षा सोल्डरिंगची बारीक टोकाची गरम काडी बरी. ती कडेनं फिरवली की फिल्म वितळून सुटते, ओढली जात नाही.

कोरड्या हिवाळ्यात फिल्म विजेनं भारली जाते, बोटांना, टेबलाला, स्वतःलाच चिकटते. टेबल ओल्या फडक्यानं पुसून घ्या, हात किंचित ओले ठेवा, फिल्म तशा ओलसर टेबलावर पसरवा. थोडक्यात, थंडीत कागद हाताळायला सोपा आणि पावसाळ्यात फिल्म, हवेचा कल असाच आहे.

मायलरची वाट पुढे कुठे जाते तेही सांगतो, कारण काही वाचकांची मुलं तिथवर जातील. फ्रान्सच्या अल्फोन्स पेनोनं 1871 मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं विमान 11 सेकंद उडवलं, तेव्हापासून हा खेळ वजन कमी करत करतच पुढे आला. एक काळ मॉडेलवाले सेल्युलोज नायट्रेटचं पातळ द्रावण पाण्यावर ओतून स्वतःच फिल्म तयार करत आणि तिच्यावर दिसणाऱ्या रंगांवरून जाडी ओळखत. आजच्या एफ1डी या आंतरराष्ट्रीय गटात पंखांची लांबी 55 सेंटिमीटरपर्यंत आणि रबर सोडून विमानाचं वजन किमान 1.4 ग्रॅम असा नियम आहे. रुमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत या विमानांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. तिथे एक ग्रॅम कव्हरिंग हा विचारच करता येत नाही.

नागपुरात एनसीसीची 2 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन आहे आणि हवाई शाखेच्या छात्रांना एअरोमॉडेलिंग शिकवतात. मुलगा किंवा मुलगी त्यात असेल तर हात तयार होतो, पण तिथली विमानं मुख्यतः मैदानात उडवायची असतात. त्यांच्यासाठी इस्त्रीनं चिकटवायची जी रंगीत फिल्म मिळते ती चौरस मीटरला 60 ग्रॅमच्या आसपास भरते. उरलेला तुकडा घरच्या छोट्या विमानाला लावायचा मोह टाळा. आपल्या मापाच्या विमानावर तो तीन ग्रॅम चढवतो.

शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. महापालिकेच्या शाळांतली मुलं नागपुरातल्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात कमी खर्चाचे प्रयोग मांडतात. सारख्याच मापाची तीन विमानं करा, एकाला झेरॉक्स कागद, एकाला पतंगी कागद, एकाला पातळ फिल्म. शेजारी काटा ठेवा, रबराला तिन्ही वेळा सारखेच पीळ द्या आणि मुलांकडून घड्याळ लावून घ्या. वजन, क्षेत्रफळ आणि वेळ यांचा संबंध फळ्यावर शिकवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात तो मुलांच्या हाती येतो.

कव्हरिंग फाटणारच, त्याची तयारी आधीच ठेवा. कागदाला त्याच तावाचा, फाटलेल्या जागेहून अर्धा सेंटिमीटर मोठा गोल तुकडा गोंदाच्या कांडीनं लावा. फिल्मला त्याच फिल्मचा तुकडा, कडेला रबरी गोंदाचा पातळ हात देऊन. सेलोटेपची पट्टी पंखाच्या टोकाला लावू नका, ती काढताना भोवतालचा कागद घेऊन येते. फाटलेली जागा दोन रिबांमधला अख्खा भाग व्यापत असेल तर तेवढाच भाग ब्लेडनं कापून नवा कागद लावा, तंतूंची दिशा आधीसारखीच ठेवून. विमान ठेवायला बुटाचं खोकं पुरत नाही, साडीचं लांब खोकं घ्या, आणि पावसाळ्यात ते भिंतीला न टेकवता कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा.